विमानतळाचं हवामान आणि वलांडीवरचे बोंबील

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'विमानतळाचे हवामान वृत्त कसे वाचावे' असं छापलेलं पाहून सकाळपासून चौघीपाचजणींनी मला विचारलं, की हे चुकून छापलं का? चुकून छापलेलं नाही. मी समाजकार्याची पदवीधर, गेली काही वर्षं मुंबईतल्या एका कोळीवाड्यात मासळी सुकवणाऱ्या बायांच्या गटाबरोबर काम करते. विमानाशी माझा किंवा त्यांचा संबंध एवढाच, की ती दिवसभर आमच्या डोक्यावरून जातात. पण त्या विमानांसाठी दर अर्ध्या तासाला जी हवेची बातमी निघते, ती आमच्या गटातल्या बाया आता वाचतात. त्या कशा शिकल्या आणि त्याचा उपयोग काय झाला, हे सांगायला मी उभी आहे. थोडं फळ्यावर लिहीन. कुणी घाबरू नका.

आधी प्रश्न काय होता ते सांगते. बोंबील सुकवायला बांबूची वलांडी लागते. जबड्यात जबडा अडकवून बोंबलाच्या जोड्या दोरीवर टांगायच्या. करंदी, जवळा खळ्यावर पसरायचा. ऊन आणि कोरडा वारा असला तर दोनतीन दिवसांत माल तयार. पाऊस सोडाच, हवा नुसती दमट झाली तरी माल मऊ पडतो आणि वास धरतो. ओली मासळी विकत घ्यायला बाईनं पैसे आधीच घातलेले असतात, बहुतेक वेळा उसने. म्हणजे एका रात्रीचा पाऊस हा तिच्यासाठी एका हप्त्याचा प्रश्न असतो.

आता हवामानाच्या सूचना कुणासाठी निघतात पाहा. मच्छीमारांसाठी इशारा असतो: समुद्रात जाऊ नका, वारा इतका, लाटा इतक्या. तो समुद्रात जाणाऱ्यांसाठी आहे आणि तो हवाच, त्यानं जीव वाचतात. शेतकऱ्यांसाठी वेगळा सल्ला असतो. किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बाईला उद्देशून मात्र आम्हाला काही सापडलं नाही. तिचं काम समुद्रातही नाही आणि शेतातही नाही. कामच मोजलं जात नसेल तर त्या कामासाठी बातमी कोण काढणार?

१ डिसेंबर २०२१ ला मुंबईत अवकाळी पाऊस झाला, तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. डिसेंबर म्हणजे सुकवणीचा ऐन हंगाम. आमच्या गटाचा माल गेला. नुकसानभरपाईसाठी अर्ज घेऊन आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो. पंचनाम्याच्या नमुन्यात होडी होती, जाळं होतं, घर होतं. वाळत घातलेली मासळी नव्हती. वर प्रश्न असा आला, की पाऊस नेमका कधी सुरू झाला, किती वेळ पडला, पुरावा काय? बायांनी सांगितलं ते 'अंदाजे' म्हणून लिहून घेतलं गेलं. होडीचं नुकसान डोळ्यांना दिसतं. बोंबील तर त्यांनी सकाळी फेकून दिले होते, सडका माल किती दिवस जपून ठेवायचा?

त्या वेळी गटातल्या एका मावशीची मुलगी पायलटच्या परवान्याच्या लेखी परीक्षांची तयारी करत होती. कमर्शियल पायलट व्हायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यात हवामानशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो आणि पास व्हायला शंभरात सत्तर गुण लागतात. क्लासची फी आईच्या सुक्या मासळीतून जात होती. त्या मुलीनं आम्हाला सांगितलं, की विमानतळावर दर अर्ध्या तासाला हवेची नोंद होते, ती सगळ्यांसाठी खुली असते आणि जुन्या नोंदीही इंटरनेटवर सापडतात. म्हणजे पावसाचा पुरावा आमच्या डोक्यावरच होता. तो फक्त सांकेतिक भाषेत होता.

ही भाषा म्हणजे काय? विमानतळावरच्या प्रत्यक्ष हवेच्या नोंदीला 'मेटार' म्हणतात आणि पुढच्या अंदाजाला 'टॅफ'. पूर्वी या नोंदी टेलिप्रिंटरवरून जात. तिथे प्रत्येक अक्षराला वेळ आणि पैसा लागे, म्हणून सगळं आखूड केलं. सर्व देशांच्या वैमानिकांना एकच लिपी कळावी म्हणून नियमही आंतरराष्ट्रीय ठरले. आपल्याकडे हे काम भारतीय हवामान खातं करतं. हे खातं १८७५ सालचं आहे. पाऊस, तापमान, वारा मोजायची उपकरणं आपल्याच देशात बनावीत म्हणून या खात्यात अण्णा मणी नावाच्या बाईंनी आयुष्य घातलं. १९४८ मध्ये त्या खात्यात आल्या आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. विमानाच्या बाजूनं पाहिलं तर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि त्यांच्या सहकारी महिलांनी कलकत्ता ते सिल्चर विमान नेलं, सगळा चमू बायकांचा. त्या बायकांनीही उड्डाणाआधी हीच लिपी वाचली असणार. तेव्हा हे बायकांचं क्षेत्र नाही, असं कुणी म्हणालं तर ही दोन नावं सांगा.

आता फळ्याकडे पाहा. ही ओळ मी सरावासाठी बनवली आहे. खरी ओळ रोमन अक्षरांत असते, मी देवनागरीत लिहिते:

मेटार व्हीएबीबी ०११२३०झेड ०९००६केटी ३००० आरए एससीटी०२० बीकेएन०८० २४/२२ क्यू१०१० टेम्पो २००० +आरए

पाहिल्यावर पोटात गोळा येतो ना? आमच्याही आला. पण ही ओळ नेहमी याच क्रमानं येते, आणि क्रम कळला की निम्मं काम झालं. जागा, वेळ, वारा, किती लांबचं दिसतं, पाऊस की धुकं, ढग, तापमान, दाब आणि शेवटी पुढच्या दोन तासांचा कल. नऊ घरं. चौकाचौकांनी पुढे जायचं.

व्हीएबीबी म्हणजे मुंबई विमानतळ. व्हीए हे पश्चिम भारताचं, बीबी बॉम्बेचं. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, पण इथे बॉम्बेच राहिलं.

०११२३०झेड ही वेळ. पहिले दोन आकडे तारखेचे, पुढचे चार घड्याळाचे. झेड म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यात साडेपाच तास मिळवायचे. साडेबारा अधिक साडेपाच, म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. एक गोष्ट लक्षात ठेवा: यात महिना आणि वर्ष नसतं. पुरावा म्हणून कागद जपायचा असेल तर ते त्याच दिवशी आपल्या हातानं वर लिहून ठेवायचं.

०९००६केटी हा वारा. पहिले तीन आकडे दिशा, पुढचे दोन वेग. उत्तर ३६०, पूर्व ०९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. वारा जिकडून येतो ती दिशा लिहितात. शहरातल्या शिकलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. आमच्या बायांचा झाला नाही, कारण त्याही वाऱ्याला तो येतो त्या दिशेवरूनच ओळखतात. ०९० म्हणजे जमिनीकडून येणारा, मतलई. २७० म्हणजे समुद्राकडून येणारा खारा वारा. वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणून सहा नॉट म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटर. झोत मोठे असतील तर मध्ये जी हे अक्षर येऊन दुसरा आकडा येतो. जी दिसला की वलांडीच्या दोऱ्या तपासायच्या.

३००० म्हणजे तीन हजार मीटरपर्यंत दिसतंय. ९९९९ असेल तर दहा किलोमीटर किंवा जास्त, म्हणजे हवा स्वच्छ.

आरए म्हणजे पाऊस. अधिक चिन्ह असलं तर जोराचा, उणे चिन्ह असलं तर हलका, चिन्ह नसलं तर मध्यम. टीएस म्हणजे गडगडाट. डीझेड म्हणजे भुरभुर. एफजी दाट धुकं, बीआर विरळ धुकं, एचझेड धुरकटपणा, एफयू धूर. यातले बीआर आणि एफयू हे फ्रेंच शब्दांवरून आलेत. म्हणजे इंग्रजी शिकलेल्या माझ्यासारखीलाही ते पाठच करावे लागतात. गटात हे सांगितल्यावर बायांना फार बरं वाटलं. या वर्गात सगळ्याजणी पहिलीतच होत्या.

ढगांसाठी आभाळाचे आठ भाग कल्पायचे. एफईडब्ल्यू म्हणजे एक-दोन भाग झाकलेले, एससीटी तीन-चार, बीकेएन पाच ते सात, ओव्हीसी म्हणजे आठही भाग, पूर्ण झाकोळलेलं. पुढचा आकडा ढगाच्या तळाची उंची, शेकडा फुटांत. ०२० म्हणजे दोन हजार फूट. ढगामागे सीबी आलं तर ते गडगडाटी ढग. ते दिसलं की माल आत घ्यायची तयारी करायची.

आता आमचं सगळ्यात लाडकं घर, २४/२२. पहिला आकडा तापमान. दुसरा दवबिंदू, म्हणजे हवा किती थंड झाली तर तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागेल तो आकडा. दोन आकड्यांत अंतर कमी असेल तर हवा दमट, अंतर जास्त तर हवा कोरडी. ३२/१४ असेल तर बोंबील खडखडीत वाळतील. २८/२६ असेल तर ऊन असूनही माल ओलसर राहील. वैमानिक हे घर धुक्यासाठी बघतो, आम्ही सुकवणीसाठी बघतो. ज्या बाईला भागाकार येत नाही तिलाही मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करता येतो. रोज बाजारात ती तेच करते.

क्यू१०१० हा हवेचा दाब. तो तासातासाला किती उतरतोय ते पाहायचं. मात्र दिवसातून दोनदा दाब थोडा वरखाली होतोच, तेव्हा एका आकड्यावरून घाबरायचं नाही. शेवटचं टेम्पो म्हणजे पुढच्या दोन तासांत मधूनमधून काय होईल ते. इथे, मधून जोराचा पाऊस. बदल होणार नसेल तर नोसिग लिहितात.

झाली ओळ वाचून.

टॅफ हा अंदाज. मोठ्या विमानतळांसाठी तो दर सहा तासांनी निघतो आणि तीस तासांचा असतो. त्यात ०१०६/०२१२ असं लिहिलं तर एक तारखेच्या सहापासून दोन तारखेच्या बारापर्यंत, दोन्हींत साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे आपल्या एक तारखेच्या सकाळी साडेअकरापासून दोन तारखेच्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत. त्यात टेम्पो आलं की मधूनमधून, एका वेळी तासाभराच्या आत. बेकमिंग म्हणजे हवा हळूहळू बदलून तशीच राहील. प्रॉब३० किंवा प्रॉब४० म्हणजे शक्यता तीस किंवा चाळीस टक्के. प्रॉब४० पाऊस दिसला की वैमानिक जास्तीचं इंधन घेण्याचा विचार करतो. आमची बाई ताडपत्री काढून ठेवते आणि त्या दिवशी ओला माल कमी घेते.

बायांना रोमन अक्षरं येत होती का? बहुतेकींना नाही. पण त्या इंग्रजीत लिहिलेले बसचे नंबर ओळखतात, मोबाईलवर नातवाचं नाव शोधतात. आम्ही बारा संकेत निवडले, प्रत्येकाचं कार्ड केलं, मागे चित्र काढलं. आरएच्या मागे थेंब, टीएसच्या मागे वीज. पाच आठवडे, दर बुधवारी दुपारी तासभर, जाळी विणता विणता. मावशीच्या मुलीनं शिकवलं आणि शिकवता शिकवता तिचाही अभ्यास पक्का झाला. वस्तीतले काही पुरुष हसले, "आता काय विमानं उडवणार का?" त्यावर एका आजीनं उत्तर दिलं, "विमान नाय रे, आमचे बोंबील उडू नयेत म्हणून." तिसऱ्या आठवड्यात तेच पुरुष संध्याकाळी विचारायला लागले, आज वारा किती लिहिलाय?

मग आम्ही १ डिसेंबरच्या पावसाच्या नोंदी काढल्या. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी एकाखाली एक लिहिल्या, शेजारी आपली वेळ आणि मराठीतला अर्थ. तो कागद अर्जाला जोडला. कार्यालयातल्या माणसानं विचारलं, हे कसले कोड आहेत? मावशींनी टेबलावर बोट ठेवून ओळ वाचून दाखवली: ही तारीख, ही वेळ, साडेपाच मिळवा, हा पाऊस. खोलीतली बाकीची माणसं ऐकत उभी राहिली. पंचनाम्यात 'इतर' या रकान्यात 'वाळत घातलेली मासळी' हे शब्द हातानं लिहिले गेले. पैसे मिळाले नाहीत, हे स्पष्ट सांगते. पण सरकारी कागदावर त्या नुकसानीचं नाव पहिल्यांदा आलं, आणि नाव असलं की पुढची मागणी करता येते.

या लिपीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मेटार विमानतळ आणि त्याच्या आसपासची हवा सांगतो. आमचा कोळीवाडा विमानतळाजवळ आहे म्हणून आम्हाला तो चालतो. तुमचं गाव विमानतळापासून साठ किलोमीटरवर असेल तर त्यावर विसंबू नका. तिथे हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज आणि इशारा पाहा. आपल्या मेटारमध्ये पाऊस किती मिलिमीटर पडला ते नसतं, फक्त हलका, मध्यम, जोराचा एवढंच असतं. मिलिमीटरचा आकडा वेधशाळेकडे मिळतो आणि तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो. कार्यालयानं प्रमाणित नोंद मागितली तर ती हवामान खात्याकडे अर्ज करून मिळवावी लागते. जुन्या नोंदींचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात आहे. आणि वादळाचा इशारा असेल तर कोड वाचत बसायचं नाही, आधी माणसं सुरक्षित जागी न्यायची.

एका आक्षेपाचं उत्तर देते. काल रात्री जेवताना एक मैत्रीण म्हणाली, "बाईवर आधीच इतकी कामं, त्यात हे आणखी एक. उद्या माल भिजला तर म्हणतील, तूच कोड वाचला नाहीस." हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. माहिती देणं ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती बाईच्या शिकण्यानं संपत नाही. म्हणून आमच्या गटानं दोन्ही गोष्टी बरोबरीनं चालवल्या आहेत. शिकणं चालू आहे, आणि मागण्याही लेखी दिल्या आहेत. सुकवणीच्या हंगामात खळ्यावर मराठीत हवामानाचा फलक लागला पाहिजे. इशाऱ्यात दमटपणा आणि पाऊस यांचा उल्लेख सुकवणीच्या दृष्टीनं झाला पाहिजे. पंचनाम्याच्या नमुन्यात वाळत घातलेल्या मासळीचा छापील रकाना पाहिजे. या मागण्या करताना बायांच्या हातात आता कागद असतो, आणि तो त्यांना वाचता येतो. त्यामुळे बोलण्याला धार येते.

आपल्यापैकी कितीजणी वकील आहेत? दोघी. पण ४९८अ म्हणजे काय हे इथे प्रत्येकीला माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं, तर तेही आपण पाठ केलं. सातबारा वाचायला शिकलो, शवविच्छेदनाचा अहवाल वाचायला शिकलो. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये कायद्यानं आला, पण मिळालेला कागद वाचता आला नाही तर तो अधिकार अर्धाच राहतो. कागद खुला असणं वेगळं आणि तो आपल्यासाठी लिहिलेला असणं वेगळं. मधलं अंतर आपल्याला दरवेळी चालून जावं लागतं, आणि ते एकटीनं चालण्यापेक्षा गटानं चाललेलं सोपं पडतं.

मावशीच्या मुलीचं काय झालं, हा प्रश्न येणारच. हवामानाच्या पेपरात ती पास झाली. उड्डाणाच्या तासांचा खर्च लाखांत आहे, तो कुठून उभा करायचा हा प्रश्न तिच्यापुढे तसाच आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरणं चालू आहे. ज्यांना त्याबद्दल माहिती असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.

आता कार्डं वाटते. चारचारजणींचे गट करा. प्रत्येक गटाला एक ओळ मिळेल. दहा मिनिटांत वाचून सांगायचं, की या हवेत तुम्ही बोंबील टांगाल की नाही, आणि का.